पन्नाशीनंतर जुनी मोटारसायकल घ्यायची असेल तर

जुन्या मोटारसायकलींच्या मागे लागलेल्यांत पन्नाशी-साठीची माणसं जास्त दिसतात. कारण उघड आहे. ज्या वयात येझदी किंवा यामाहाची आरएक्स हंड्रेड हवी होती, त्या वयात खिसा रिकामा होता. मग नोकरी, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं. आता मुलं मार्गी लागली, हप्ते संपले, आणि एखाद्या सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो येतो: ‘सिंगल ओनर, पेपर क्लिअर, एका किकमध्ये स्टार्ट.’ त्या दिवशी चहा थंड होतो.

या हौसेला मी नावं ठेवणार नाही. चार पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जिचं पोट उघडता येतं अशी यंत्रं आता घरात उरली कुठे? सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून ‘कुठलं मॉडेल?’ विचारतो, त्यातही मजा आहे. पण गाडीबरोबर आपलंही वय झालेलं असतं, हे खरेदीच्या उत्साहात कुणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून गाडी बघायला जाण्याआधीपासून सुरुवात करू.

१. आधी स्वतःला तपासा

ओळखीतल्या कुणाची तरी बुलेट मागून घ्या. डबल स्टँडवर चढवा, उतरवा, परत चढवा. पार्किंगच्या उतारावरून बंद गाडी ढकलत वर आणा. जुन्या बुलेटचं वजन दीडशे किलोंच्या बरंच वर जातं, आरएक्स हंड्रेडचं शंभरच्या आसपास. हा फरक चालवताना जाणवत नाही, गाडी बंद पडल्यावर जाणवतो. आणि जुनी गाडी बंद पडणार, त्याबद्दल शंका नको.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा डॉक्टरांनी सांगून ठेवलं असेल, तर जड किकची गाडी विसरा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर ब्रेकचा पेडल किती दाबला गेला हे पायाला कळत नाही, आणि ड्रम ब्रेकमध्ये सगळं काम त्या अंदाजावरच चालतं. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पडल्यावर होणारा रक्तस्राव लवकर थांबत नाही; डोक्याला मार बसला तर साधं टेंगूळही गंभीर होऊ शकतं. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांना रात्री समोरच्या गाडीचा झोत सहन होत नाही, त्यात जुन्या गाडीचा सहा व्होल्टचा दिवा म्हणजे नसल्यातच जमा. हे सगळं डॉक्टरांशी एकदा मोकळेपणाने बोला. ‘गाडी घेऊ का’ असं विचारू नका, ते नाहीच म्हणतील. ‘घेतली तर काय जपू’ असं विचारा.

लायसन्सची तारीखही आजच बघून घ्या. वयाची पंचावन्न उलटल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, आणि चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-ए, लागतं.

२. कुठली गाडी?

इथे बहुतेक जण आठवणीवर जातात. कॉलेजच्या फाटकाशी जी उभी असायची तीच हवी. ठीक आहे, पण निदान तिचा स्वभाव माहीत करून घ्या.

बुलेट: मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून जुळणी सुरू झाली. ३४६ सीसी, कास्ट आयर्नचं इंजिन, आणि ते साधारण २०१० पर्यंत चाललं. त्यामुळे पार्टची चणचण कधी भासत नाही, तालुक्याच्या गावातही बुलेटवाला मिस्त्री सापडतो, आणि कोल्हापुरात तर विचारूच नका. अडचण पायांची आहे. या गाडीला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. तीस वर्षं डाव्या पायाने गिअर टाकलेला माणूस सावकाश जाताना व्यवस्थित जुळवून घेतो. कुत्रं आडवं आलं की मात्र पाय जुन्या सवयीनेच हलतात: उजवा पाय जोरात खाली जातो, गिअर पडतो, ब्रेक लागतच नाही. पंचविशीत ही सवय आठवड्यात मोडते. साठीत मोडायला वेळ लागतो आणि पुरती मोडली असं कधीच धरून चालू नये. पहिले काही महिने रिकामं मैदान, मग पहाटेचा रस्ता, मग गर्दी.

जावा-येझदी: म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून जावा, मग येझदी, आणि १९९६ ला कारखाना बंद. २५० सीसी टू-स्ट्रोक (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं इंजिन), एक सिलेंडर आणि दोन सायलेन्सर. गिअरचा लिव्हर मागे वळवला की तोच किक होतो. हे नव्या माणसाला सांगितल्याशिवाय सापडत नाही, म्हणून चोरालाही सापडत नसे असं जुने लोक हसून सांगतात. किक डावीकडे आहे, बुलेटच्या मानाने पुष्कळ हलकी. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकते. धूर मात्र आहे, आणि तो शेजाऱ्यांनाही आहे. नव्याने या छंदात येणाऱ्याला, उजवा गुडघा कुरकुरत असेल तर, मी हीच सुचवेन.

आरएक्स हंड्रेड: १९८५ ते १९९६. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि अंगावर मांस नाही. हलकी, किकला सोपी, म्हणून आपल्या वयाला सगळ्यात सोयीची. तोटे दोन. चांगली आरएक्स आज नव्या गाडीच्या किमतीला जाते, आणि मागणी असल्यामुळे चोरीच्या, नंबर खोडलेल्या, तीन गाड्यांतून एक केलेल्या आरएक्स बाजारात भरपूर फिरतात.

राजदूत ३५०: यामाहाच्या आरडी साडेतीनशेची भारतीय आवृत्ती. १९८३ ला आली आणि दशक संपेपर्यंत गेली. हाय टॉर्क मॉडेलला तीस अश्वशक्ती होती, त्या काळी ऐकूनच लोक गप्प व्हायचे. जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याला मिळाले दोन्हीकडे ड्रम. एवढी ताकद, एवढे ब्रेक आणि पस्तीस वर्षांनी मंदावलेली आपली नजर: पहिली जुनी गाडी म्हणून ही घेऊ नका. पार्ट महाग, क्रँकचं काम जमणारा माणूस दुर्मीळ. दुसरी-तिसरी म्हणून घ्या, मी अडवणार नाही.

साधा राजदूत १७५, सीडी हंड्रेड, केबी हंड्रेड, सुझुकी एएक्स यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, म्हणून त्या अजून बऱ्या किमतीत मिळतात. युद्धकाळातल्या लष्करी बीएसए किंवा मॅचलेस हा वेगळाच मामला आहे. पार्ट विलायतेतून मागवावे लागतात, तिकडे इतक्यात जाऊ नका.

आणि खरंच फक्त रूप हवं असेल, हात काळे करण्याची आवड नसेल, तर २०१८ पासून नवी जावा आणि २०२२ पासून नवी येझदी मिळते. बटन स्टार्ट, डिस्क, एबीएस. त्यात कमीपणा काही नाही.

३. कागद आधी, गाडी नंतर

फोटो आला की पहिला प्रश्न: आरसी-टीसी बुक कुणाच्या नावावर आहे?

दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर येतं, ‘वडिलांच्या. ते आता नाहीत.’ अशी गाडी थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी मृत्यू दाखला आणि वारसाच्या कागदांसह नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हायला हवी, मग नमुना २९ आणि ३० वर तुमच्या. भावंडं दोन-तीन असतील तर सगळ्यांची संमती घ्या. धाकटी बहीण अमेरिकेत आहे आणि ‘तिचं काही म्हणणं नसतं’ असं थोरला सांगतो. तिच्याकडून ते लेखी येऊ द्या.

दुसरा प्रश्न: गाडी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसते का? १९८९ नंतर ‘एमएच’चे नंबर आले. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या कितीतरी गाड्या आरटीओच्या जुन्या जाड रजिस्टरात आहेत, संगणकात नाहीत. तिथे आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ऑनलाइन नोंद नसेल तर पुढचं काहीच हलत नाही: नाव चढत नाही, विमा अडतो, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बुक होत नाही. ही एन्ट्री विकणाऱ्याने करून द्यायची. ‘तुम्ही घ्या, नंतर होऊन जाईल’ याला हो म्हणू नका.

तिसरा प्रश्न: नोंदणी कधीपर्यंत आहे? पहिली पंधरा वर्षं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी दाखवून नूतनीकरण. सोबत पर्यावरण कर. शुल्काचे आकडे बदलत राहतात, ते त्या दिवशी आरटीओत बघा. वर्षानुवर्षं नूतनीकरण झालेलं नसेल तर थकबाकी आणि दंड किती, ते व्यवहाराआधी काढून किमतीतून वजा करा. परराज्यातली गाडी असेल तर नमुना २८ ची एनओसी हवी. कर्नाटकातून स्वस्त येझदी आणून तिकडच्याच नंबरवर ‘हळूच’ फिरवणारे असतात, कोपऱ्यावरचा हवालदार त्यांना बरोबर ओळखतो.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी पाच हजार. ऐकायला भारी वाटतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. रविवारी भाजी आणायला आणि मित्राकडे गप्पा मारायला गाडी हवी असेल तर साधी चालू नोंदणी जपा, या वाटेला जाऊ नका. आरएक्स तर अजून पन्नाशीची झालेलीच नाही.

४. गाडी बघताना

‘मी आल्याशिवाय सुरू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगा. गेल्या गेल्या काही न बोलता इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर समजा, थंड गाडी किकला त्रास देते हे मालकाला माहीत आहे.

मग रॉकेलचं फडकं घेऊन चेसिस नंबर पुसा. मूळ पंचाची अक्षरं एका उंचीची, एका खोलीची असतात. आजूबाजूचा पत्रा घासलेला, रंग नवा, एखादा आकडा तिरका दिसला की फोटो काढा आणि आभार मानून निघा. इंजिन नंबर आरसीवरचाच हवा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर चोरीच्या गाडीची चौकशी करता येते, तीही करा.

टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. आत तांबूस पापुद्रे दिसले तर ते सगळे कार्बोरेटरमध्ये जाणार आहेत. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल हळू फिरवा; मध्येच अडकल्यासारखं झालं तर बॉल रेसिंग, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत आणि साल दहा वर्षांपूर्वीचं असेल तर तो टायर फेकायचाच. रबर वाळून टणक होतं आणि पहिल्या पावसात घसरतं.

चकाचक रंगाला भुलू नका. माझं तर उलट मत आहे: रंग उडालेली, आवाज बरा असलेली, कागद असलेली गाडी घ्यावी. नवा रंग पुष्कळ पापं झाकतो. आणि पोत्यात भरलेली, ‘सगळे पार्ट आहेत, फक्त जोडायची’ अशी गाडी म्हणजे दोन वर्षं आणि घरातली शांतता गेली.

किमतीबद्दल इतकंच, की खरेदीइतकीच रक्कम पहिल्या वर्षात दुरुस्तीला बाजूला ठेवा.

५. मिस्त्री आणि पार्ट

गाडी ठरवण्याआधी मिस्त्री ठरवा. पन्नाशीच्या पुढचा, पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप पत्ती लावून जुळवणारा. त्याच्याशी वेळेवरून हुज्जत घालू नये; ‘शनिवारी देतो’ म्हणाला की कुठला शनिवार हे तो सांगत नाही.

पुण्यात पार्टसाठी नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. कोल्हापूरला लेथ, बोअरिंग, फाउंड्रीचं काम असेल तर उद्यमनगर. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. येझदीचे नवे बनवलेले पार्ट भरपूर मिळतात, पण दर्जा सारखा नसतो. रिंग, पिस्टन, क्लच प्लेट यांत दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मूळ पार्ट काढलात तर तो कितीही गंजलेला असो, फेकू नका; खोक्यात ठेवा, नवा पार्ट बसला नाही तर नमुना म्हणून तोच लागतो.

घरी काम करताना एक पथ्य: जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून तोंडाने किंवा हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

६. पेट्रोल आणि ऑइल

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात आपल्याच उसाचाही वाटा, त्यामुळे तक्रार कुठे करणार. जुन्या गाडीला मात्र ते मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं फुगतात किंवा चिरतात. आणि मिश्रण पातळ पडल्यामुळे इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकला हे तापणं महागात जातं. उपाय: नळ्या आणि रबरं इथेनॉल सोसणारी घाला, मिस्त्रीकडून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग तपासा. आठवडाभर गाडी निघणार नसेल तर घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच पेट्रोलचा कॉक बंद करा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होऊन गाडी दारात थांबते.

येझदी-जावाला ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं, लिटरला साधारण चाळीस मिली चांगलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल. आरएक्स आणि राजदूत ३५० ला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. तो पंप चालतो का हे पहिल्याच आठवड्यात बघून घ्या, कारण तो बंद असल्याचं कळतं ते पिस्टन धरल्यावर, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकल्यावर.

७. किक

बुलेटची किक ताकदीने मारायची नसते. गाडी डबल स्टँडवर, पायात घोट्यापर्यंतचा बूट. चप्पल घालून किक मारणारा माणूस एकदा तरी लंगडतोच. इग्निशन लावा आणि अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या) काट्याकडे बघत किक हळूहळू दाबत न्या. काटा मध्यावर आला की थांबा. डाव्या हाताने डिकॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढा, किक अगदी थोडी पुढे न्या, लिव्हर सोडा. किक वर येऊ द्या. आता एकच लांब, सलग किक, शरीराचा भार टाकून, मध्ये न थांबता. अर्धवट मारली तर ती उलटी येते आणि पोटरी किंवा गुडघा घेऊन जाते. चार-पाच किकांत झाली नाही तर थांबा, पाणी प्या, प्लग काढून बघा. दमलेल्या पायाने मारलेली किकच उलटते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर निम्मा त्रास वाचतो. जुन्या वळणाचे लोक नाक मुरडतील. त्यांचे गुडघे त्यांच्यापाशी.

८. रस्त्यावर

ड्रम ब्रेकला थांबायला अंतर लागतं, आणि मागच्या गाडीवाल्याला हे माहीत नसतं. मागे मोठा, लख्ख ब्रेक लाइट लावा, हवं तर एलईडी. मूळपणा गेला तरी चालेल. हेल्मेट आयएसआयचंच, पूर्ण तोंड झाकणारं. जुन्या गाडीवर टोपी आणि गॉगलचा फोटो छान येतो, तो उभ्या गाडीवर काढा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी घाटाचा उतार नीट समजून घ्यावा. ताम्हिणी किंवा वरंधा उतरताना आपण ॲक्सिलरेटर पूर्ण सोडतो. इंजिन जोरात फिरत राहतं, पण पेट्रोल आत जात नाही, आणि येझदी-जावात ऑइल पेट्रोलमध्येच असल्यामुळे तेही जात नाही. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. गाडी अचानक मागून कुणी ओढल्यासारखी जड झाली तर विचार न करता क्लच दाबा आणि कडेला घ्या. पिस्टन धरत आहे. मागचं चाक जॅम व्हायच्या आत तेवढाच एक क्षण असतो. त्यासाठी टू-स्ट्रोकवर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असावीत.

रात्र, भर पाऊस आणि हायवे, या तिन्हींतलं काहीच पहिल्या वर्षी नको. सोबतीला मात्र माणसं लगेच मिळतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस असतो, शहरोशहरी गाड्या जमतात. गाडी घेण्याआधीच तिथे जा, लोक हौसेने सगळी अंडीपिल्ली सांगतात.

९. विमा आणि घरचे

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहेच. त्याबरोबर मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण घ्या. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते, म्हणून गाडीचे चारी बाजूंचे फोटो, चेसिस नंबरचा फोटो, पार्टची बिलं एका फाइलमध्ये ठेवा. फाइल नसेल तर कंपनी भंगाराचा भाव लावते.

त्याच फाइलमध्ये किल्लीची दुसरी जोडी आणि मिस्त्रीचा फोन नंबर ठेवा, आणि फाइल कुठे आहे ते घरात सांगा. आरसीवर आता नॉमिनी म्हणून नाव नोंदवता येतं, तेही नाव चढवतानाच करून टाका. तिसऱ्या पायरीत ज्या वारसाच्या कागदांसाठी तुम्ही दुसऱ्याच्या घरी खेटे घातलेत, त्यांसाठी उद्या तुमच्या मुलीला खेटे घालायला लागू नयेत. तिला ती गाडी हवी आहे का, हेही एकदा विचारून बघा. नको म्हणाली तर कुणाला द्यायची ते तुम्हीच लिहून ठेवा. नाहीतर पहिला भंगारवाला येईल त्याला ती जाते, आणि तो टाकी आणि सायलेन्सर वेगवेगळे विकतो.